बोटीवर कॉम्प्युटर कुठला ठेवावा आणि तो चालवावा कशावर?

राम राम भाऊ. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. धडगाव तालुक्यातल्या भुषाहून तुमची डिझेल बोट निघते, सरदार सरोवराच्या फुगवट्यात चार-चार दिवस काठावरची गावं फिरते. आरोग्याच्या नोंदी बोटीतच कॉम्प्युटरवर भरायच्या आहेत, थोडी छपाईही करायची आहे. घरचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) ट्यूब्युलर बॅटरी उचलून बोटीत ठेवली तर डेस्कटॉप चालेल का, नसेल तर लॅपटॉप कुठला घ्यावा, आणि आतापर्यंत लॅपटॉपचे दोन कार चार्जर का जळाले, असं तुम्ही विचारलंय. शिडाच्या बोटीवाले जे महागडं मरीन सामान सुचवतात ते इथं लागतं का, हाही प्रश्न आहे.

डेस्कटॉप चालेल, पण एक दिवस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅटरी बसेल, आणि असं दर फेरीला झालं की वर्षभरात ती बॅटरी भंगारात जाईल. म्हणून कॉम्प्युटरच्या मॉडेलवरून सुरुवात करू नका. रोज बॅटरीत किती वॅट-तास (वॅट गुणिले तास) भरू शकता आणि त्यातले किती कॉम्प्युटरपर्यंत पोचायच्या आधीच वाया जातात, हे आधी पाहा. तो हिशोब झाला की कॉम्प्युटर आपोआप ठरतो.

घरच्या इन्व्हर्टरची गंमत अशी की त्यावर काहीही लावलेलं नसलं तरी तो साधारण १० ते २० वॅट खात बसतो. १५ वॅट धरले आणि दिवसभर चालू राहिला, तर ३६० वॅट-तास नुसते गरम हवेत गेले. घरी वीज येत-जात असते म्हणून हे कळत नाही, बोटीत कळतं. पुढची गळती अशी: बॅटरीतले १२ व्होल्ट इन्व्हर्टर २३० करतो, लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर त्याचे पुन्हा २० व्होल्ट डीसी करतो. दोन्हीकडे पंधरा-पंधरा टक्के गेले की बॅटरीतून निघालेल्या १०० पैकी ७२ च्या आसपास हाती येतात. तेच १२ व्होल्टवरून थेट यूएसबी-सी चार्जरने दिलं तर ९० च्या आसपास मिळतात. ओल्या, हलत्या बोटीत माणसांच्या पायाखालून २३० व्होल्टची वायर नेण्याचा धोका तर वेगळाच.

आता रोजचा खर्च मांडू. साध्या कामाचा १४ इंची लॅपटॉप, नोंदी भरताना, स्क्रीन मध्यम उजेडावर ठेवून, ८ ते १५ वॅट घेतो. १२ वॅट धरून सहा तास चालवला तर ७२, गळतीसह ८० वॅट-तास. दोन लॅपटॉप असतील तर १६०. चार मोबाइल रोज पूर्ण चार्ज करायचे, प्रत्येकी २५, म्हणजे १००. एलईडीचे पाच वॅटचे दोन दिवे चार तास, ४०. बारा व्होल्टचा पंधरा वॅटचा पंखा सहा तास, ९०. राउटर किंवा जीपीएस धरून ३०. छपाईला २०. बेरीज ४४० वॅट-तास. पंखा आणि मोबाइल मिळून दोन लॅपटॉपांपेक्षा जास्त खातात, आणि लोक नेमकं हेच हिशोबात धरत नाहीत. याउलट मॉनिटरसह डेस्कटॉप १०० वॅटचा धरला तर सहा तासांत तो एकटाच ६००, इन्व्हर्टरची गळती धरून ७०० वॅट-तास मागतो. डेस्कटॉपचा विषय इथंच सोडून द्या.

बॅटरीवर शंभर एएच लिहिलं असलं तरी ते सगळे वापरायचे नसतात. तुमच्या ट्यूब्युलरसारखी लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. तुमची १५० एएचची ट्यूब्युलर म्हणजे १२ व्होल्टने गुणून कागदावर १८०० वॅट-तास, वापरायला ९००. वरच्या खर्चाला दोन दिवस पुरते, म्हणजे हिशोबात बसते. पण वजन पन्नास किलोच्या पुढे, बोट कलंडली की अ‍ॅसिड सांडतं, आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. आहे तीच वापरायची असेल तर इंजिनापासून दूर, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, पट्ट्याने आवळून, आणि वरची हवा मोकळी राहील अशी ठेवा. नवीन घेणार असाल तर लिथियम फेरो फॉस्फेट, १२.८ व्होल्ट १०० एएच. तिच्यातले १२८० पैकी हजार वॅट-तास बिनधास्त वापरता येतात आणि वजन बारा किलोच्या आसपास.

लिथियम घेतली तर दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. तिचं व्होल्टेज मधल्या बऱ्याच भागात १३.२ ते १३.३ वर चिकटून बसतं, त्यामुळे व्होल्टमीटर बघून किती उरली ते कळत नाही. आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजणारा शंट मीटर निगेटिव्ह वायरमध्ये बसवावा लागतो. लेड-अ‍ॅसिडचं सोपं आहे. तासभर निवांत राहिलेल्या बॅटरीला १२.७ दिसले तर भरलेली, १२.२ दिसले तर निम्मी. दुसरी गोष्ट गरमीची. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४४-४५ ला जातो आणि इंजिनाच्या खणात त्याहून बराच वर. तिथं लिथियम ठेवली की तिच्यातली बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी सर्किट) चार्जिंग बंद करते आणि तुम्ही सोलरवाल्याला शिव्या घालत बसता. लेड-अ‍ॅसिडलाही उन्हाळ्यात कमी व्होल्टेजने चार्ज करावं लागतं. १२ व्होल्टच्या बॅटरीला २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे साधारण २४ मिलिव्होल्ट कमी. ४५ अंशांना १४.४ ऐवजी १३.९ च. टेम्परेचर सेन्सर असलेला चार्ज कंट्रोलर हे स्वतः करतो. नाहीतर बॅटरी उकळून दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर मागते.

आता तुमच्या जळालेल्या चार्जरकडे येतो. न बघता खात्रीने सांगता येणार नाही, पण पहिला संशय इंजिनावर आहे. अनेक बोटींवर ट्रकचं इंजिन बसवलेलं असतं आणि ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची असते. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलला मल्टीमीटर लावा. १३.८ ते १४.४ आले तर यंत्रणा १२ ची, २७.५ ते २८.५ आले तर २४ ची. कार चार्जरवर '१२-२४ व्होल्ट' छापलेलं असलं तरी स्वस्त मालात आतला कॅपॅसिटर कधी कधी २५ व्होल्टचाच असतो. अल्टरनेटरचे (इंजिनावर फिरून वीज बनवतो तो) २८ आले की कॅपॅसिटर फुगतो. इनपुट ३२ किंवा ३६ व्होल्टपर्यंत स्पष्ट लिहिलेला चार्जरच घ्या.

दुसरा संशय सेल्फवर. सेल्फ मारला की स्टार्टर मोटर शेकडो अँपिअर ओढते आणि त्या बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर आठ-नऊपर्यंत पडतं. चार्जर बंद होऊन पुन्हा चालू होतो, रोज पंधरा वेळा. त्याहून वाईट म्हणजे एका बॅटरीवर इंजिन चालू करून, चालू इंजिनावरच ती काढून दुसऱ्या बोटीला लावायची पद्धत. बॅटरी सुटली की अल्टरनेटरचा भार एकदम जातो, लाइनीत मोठा झटका येतो आणि त्यात चार्जर, रेडिओ, कधी अल्टरनेटरचे डायोडही जातात. तुमच्या बोटीवर असं होत असेल तर कितीही भारी चार्जर आणला तरी तो टिकणार नाही.

म्हणून सेल्फची बॅटरी वेगळी आणि कामाची बॅटरी वेगळी. दोघींच्या मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर. साध्या रिलेनेही (विजेवर चालणारा स्विच) दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या जोडता येतात, पण दुसरी लिथियम असेल तर रिले नको. रिकामी लिथियम हावरटासारखी करंट ओढते आणि छोटा अल्टरनेटर तापून जळतो. २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर तेवढाच करंट घेऊ देतो, इंजिन २४ व्होल्टचं असलं तरी १२ ची बॅटरी नीट भरतो (२४ वरून १२ चा प्रकार मागून घ्यायचा), आणि सेल्फचा धक्का कॉम्प्युटरपर्यंत येऊ देत नाही. २० अँपिअर म्हणजे साधारण २६० वॅट. रोज दोन तास इंजिन चाललं की ५०० वॅट-तास आले. तुमचा सगळा दिवस त्यात निघतो.

शिडाच्या बोटीवाल्यांचा सल्ला इथं जरा वेगळा पडतो तो याचमुळे. शिडाच्या बोटीवर इंजिन बंदरात शिरताना-निघताना अर्धा तास चालतं, बाकी दिवस वाऱ्यावर. रात्रभर चालणारं नॅव्हिगेशन, ऑटोपायलट आणि फ्रिज सोलरवर आणि छोट्या पवनचक्कीवर चालवायचं असतं. म्हणून ते एकेका वॅटसाठी भांडतात, स्क्रीन आणि कॉम्प्युटर थेट १२ व्होल्टवर चालणारे शोधतात. त्यांची ही डीसीवर राहण्याची सवय आपण जशीच्या तशी उचलावी. पण कल्हई केलेल्या तांब्याची मरीन केबल, खाऱ्या हवेसाठी सील केलेला कॉम्प्युटर असल्या खर्चाची तुम्हाला गरज नाही. नर्मदेचं पाणी गोडं आहे. आपल्याकडचे शत्रू वेगळे: गरमी, धूळ, इंजिनाची थरथर आणि हिवाळ्यातलं दव.

तरी सोलर लावाच, कारण बोट दोन दिवस एकाच गावाला उभी राहिली की इंजिन बंद. आपल्याकडे निरभ्र दिवसाला पाच तास पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा मिळते, पण छपरावर आडवी पडलेली, तापलेली, धुळीची पॅनल त्यातली साठ टक्के, म्हणजे तीनच तासांची देते असंच धरा. पॅनल ६५-७० अंशांना तापली की तापण्यामुळेच पंधरा टक्क्यांच्या आसपास घट येते. ४४० ला तीनने भागलं की १४७ वॅट, म्हणजे २०० वॅटचं पॅनल. पावसाळ्यात पाच तासांचे दोन तास होतात आणि त्याच ४४० ला ३७० वॅटचं पॅनल लागेल. एवढं छप्पर तुमच्या बोटीला नसेल तर पावसाळ्यात इंजिनावर भिस्त ठेवा, मोठ्या पॅनलच्या मागे लागू नका. वारा भरला की छपरावरची मोठी पॅनल बोटीला ढकलते.

सावलीचा एक मुद्दा खास तिथलाच. आपला काठ म्हणजे नर्मदेचा दक्षिण काठ, आणि त्याला लागून सातपुडा उभा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे काठाला खेटून बांधलेली बोट सकाळी उशिरापर्यंत आणि दुपारनंतर डोंगराच्या सावलीत जाते. काम नसताना बोट काठापासून थोडी बाहेर, मोकळ्या पाण्यात नांगरली तर तीच पॅनल जास्त देते. २०० वॅटची एकच पॅनल घेण्याऐवजी शंभर-शंभरच्या दोन घेऊन समांतर जोडा. एकीवर बांबूची किंवा दोराची सावली पडली तर दुसरी काम करत राहते. कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा), २० अँपिअरचा. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, आणि काढताना उलट. उलटसुलट केल्याने काही कंट्रोलर पहिल्याच दिवशी जातात.

वायरिंगमध्ये लोक सगळ्यात जास्त चुकतात, कारण घरच्या २३० व्होल्टची सवय असते. ६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर १२ व्होल्टवर सहा अँपिअर ओढतो. बॅटरी पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर. दीड स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर) वायरीत ०.८ व्होल्ट वाटेतच पडतात, अडीचमध्ये अर्ध्याच्या थोडे खाली, चारमध्ये ०.३. चार स्क्वेअरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर घ्या. घरात वापरतात ती एकेरी जाड तार थरथरीने आतल्या आत तुटते. टोकाला लग (धातूचं कडं) पंच करून वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). पिळा मारून टेप लावलेला जोड बोटीवर एक पावसाळाही काढत नाही. बोटीचं अंग लोखंडी असेल तर जीपसारखा बॉडीलाच निगेटिव्ह देऊ नका. पाण्याखालचा पत्रा गंजून खड्डे पडतात. दोन वायरी शेवटपर्यंत.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, त्यामुळे तो पाच मीटर लांब स्विचबोर्डात बसवला तर मधली पाच मीटर वायर बेवारस राहते. कॉम्प्युटरच्या फांदीला वेगळा १० अँपिअरचा. सिगारेट लायटरचं सॉकेट टाळा, थरथरीने पिन ढिली होते, ठिणगी पडते, प्लास्टिक वितळतं. पत्र्यात स्क्रूने बसणारं यूएसबी-सीचं सॉकेट किंवा अँडरसन कनेक्टर वापरा. सगळं ठेवायला शेतातल्या मोटरच्या स्टार्टरचा प्लास्टिकचा झाकणाचा डबा मिळतो तो उत्तम. केबल खालच्या बाजूने आत घ्या, म्हणजे थेंब वायरीवरून ओघळून आत शिरणार नाही.

आता कॉम्प्युटर. नवीनच पाहिजे असं नाही. २०१९ नंतरचा, ऑफिसमधून निघालेला, थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक जातीचा १४ इंची लॅपटॉप बोटीला योग्य. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्यात असे वापरलेले मिळतात. घेताना चार गोष्टी तपासा. यूएसबी-सी पोर्टमधून तो खरंच चार्ज होतो का, हे दुकानातच ६५ वॅटचा चार्जर लावून बघा, कारण काहींमध्ये तो पोर्ट फक्त डेटाचा असतो. प्रोसेसर कमी विजेचा, इंटेलचा 'यू' अक्षराचा. 'एच' अक्षराचा आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला, म्हणजे गेमिंगवाला, फुकट दिला तरी नको. डिस्क एसएसडी, कारण फिरणारी हार्डडिस्क इंजिनाच्या थरथरीत फार दिवस काढत नाही. आणि स्क्रीन मॅट, जमल्यास ४०० निट्सची (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप). साधी २५० निट्सची स्क्रीन छपराखालीसुद्धा पाण्याच्या चकाकीत दिसत नाही, मग माणूस उजेड पूर्ण वाढवतो आणि दोन-चार वॅट तिथं जातात. केबलसुद्धा बघून घ्या. यूएसबी-सीची साधी केबल तीन अँपिअरची, म्हणजे ६० वॅटपर्यंतची असते. ६५ वॅटसाठी पाच अँपिअरची, चिप असलेली केबल लागते, नाहीतर चार्जिंग मंद होतं आणि लोक चार्जरला दोष देतात.

जुना गोल पिनचा, १९.५ व्होल्टचा लॅपटॉप हाताशी असेल तर १२ वरून १९.५ करणारा कन्व्हर्टर मिळतो. पण काही कंपन्यांच्या पिनमध्ये ओळख पटवणारी तिसरी तार असते. ती नसली की लॅपटॉप चालतो पण बॅटरी भरत नाही आणि वेगही उतरतो. त्यापेक्षा बदला. मिनी पीसीचंही काही जण सुचवतील. एन-१०० प्रोसेसरचा मिनी पीसी खरंच आठ-दहा वॅटमध्ये चालतो, पण वर मॉनिटरचे पंधरा-वीस वॅट, आणि वायर हलली की मशीन बंद. लॅपटॉपमध्ये स्वतःची बॅटरी असते, नोंद भरता भरता वीज गेली तरी काम बुडत नाही. फक्त उन्हाळ्यात तिला ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग करून ठेवा. गरमीत १०० टक्के भरून पडलेली बॅटरी फुगते.

बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. एप्रिल-मे मध्ये नोंदींचं काम सकाळी अकराच्या आत आणि संध्याकाळी ठेवा, लॅपटॉप लाकडी फळीवर मागची बाजू बोटभर उचलून ठेवा, गोधडीवर किंवा मांडीवर नको. डिसेंबर-जानेवारीत उलट. सातपुड्यातली रात्र कडाक्याची, आणि थंड पडलेल्या लॅपटॉपवर सकाळच्या ओल्या हवेत दव धरतं. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, बाहेर काढल्यावर अर्धा तास थांबून मग चालू करा.

छपाईचं: लेझर प्रिंटर बोटीवर आणू नका. कागद भाजायला तो मधूनमधून पाचशे वॅट आणि त्याहूनही जास्त ओढतो, छोटा इन्व्हर्टर लगेच ट्रिप होतो. शाईच्या टाकीचा इंकजेट दहा-वीस वॅटमध्ये भागवतो. त्याच्यासाठी म्हणून १५० ते ३०० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर ठेवा, स्वतःच्या बटनासह, आणि छपाई झाली की बंद. टाकीचा प्रिंटर आडवा-तिडवा झाला की शाई सांडते, म्हणून तोही फळीला पट्ट्याने बांधलेला बरा. नुसती चिठ्ठी द्यायची असेल तर दुकानात असतो तसा बॅटरीचा थर्मल प्रिंटर पुरेसा आहे, मात्र त्याची अक्षरं गरमीत उडतात, जपून ठेवायच्या कागदाला तो नको.

मोबाइलची रेंज मध्ये मध्ये नसतेच, तेव्हा नोंदीचा फॉर्म ऑफलाइन चालणारा हवा आणि रोज रात्री दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर प्रत. एक पेन ड्राइव्ह बोटीत राहू नये, कोणाच्या तरी खिशात असावा.

सगळं बसवल्यावर पहिल्याच फेरीला निघू नका. बोट काठाला बांधून, इंजिन आणि सोलर दोन्ही बंद ठेवून, पूर्ण एक दिवस नेहमीसारखं काम करा आणि शंट मीटरवर किती वॅट-तास गेले ते लिहून ठेवा. ४४० ऐवजी ६०० आले तर काहीतरी रात्रभर चालू राहतंय, बहुधा इन्व्हर्टरच. रात्री बॅटरीच्या वायरीला क्लॅम्प मीटर लावून एकेक फ्यूज काढत गेलात की दहा मिनिटांत सापडतं. अडीअडचणीला फवारणी पंपाची १२ व्होल्ट १२ एएचची बॅटरी सोबत ठेवा, १४४ वॅट-तास कागदावर, निम्मे धरले तरी एका लॅपटॉपचा जवळपास दिवस निघतो.

खरेदीच्या आधी मला तीन आकडे कळवा: इंजिन चालू असताना टर्मिनलला किती व्होल्ट येतात, अल्टरनेटरच्या पाटीवर किती अँपिअर लिहिलेत, आणि छपराची सावली न पडणारी लांबी-रुंदी किती. १२ की २४ हे कळल्याशिवाय डीसी-टू-डीसी चार्जर घेऊ नका, बाकी लॅपटॉप आधी घेतला तरी हरकत नाही.